उत्तर आलेलं एक पत्र

गव्हर्नरसाहेब शिक्का मारताना श्वास रोखून धरत. तो दगडी शिक्का आधी तांबड्या शाईत दोनदा हलकेच टेकवायचा, मग कागदावर सरळ उभा धरून वरून दाब द्यायचा, आणि उचलताना जराही हलू द्यायचा नाही. उचलला की त्यावर पातळ कागद ठेवून तळहाताने शाई टिपून घेणं हे माझं काम. वर्षभरात ते मी शेकडो वेळा केलं होतं. पण त्या मंगळवारी सकाळी समोरच्या कागदावर माझ्या भावाचं नाव होतं.

साहेबांनी तो इंग्रजीत सावकाश वाचून दाखवला. "यशवंत गोविंद राऊळ, वय बावीस. हा मनुष्य आपणहून हजर झाल्यास त्याला अटक होणार नाही, शिक्षा होणार नाही. त्याला गव्हर्नरच्या भाजीच्या मळ्यावर कामास ठेवण्यात येईल. बरोबर लिहिलं आहे का, मिस्टर राऊळ?"

मी बरोबर म्हणालो.

"गुरुवारी दुपारी बारा वाजता आणा. इथे, माझ्या बंगल्यावर. दुसरीकडे कुठेही नेऊ नका."

त्यांचे पायच धरणार होतो, पण जपान्यांना ते आवडत नाही. म्हणून त्यांच्या पद्धतीने कमरेत वाकलो, लागत होतं त्याहून बरंच जास्त वाकलो. आज ते आठवलं की मला माझ्या पाठीच्या कण्याची लाज वाटते.

ही गोष्ट अंदमानातली, जपानी अमलातली. इंग्रज पळून गेले, जपानी आले, आणि बेटावर दोन सत्ता बसल्या. एक आरमाराची. बंदुका, पहारे, अटका, चौकशा सगळं त्यांच्याकडे. दुसरी मुलकी, म्हणजे आमचे गव्हर्नर. कितामुरा त्यांचं नाव. साठीला आलेले, बारीक अंगाचे, आयुष्यभर तैवानच्या सरकारी कचेऱ्यांत कारकुनी करत वर चढलेले. जुन्या इंग्रजी बंगल्यात राहत आणि मागची हिरवळ खणून तिथे मुळ्याचे वाफे करत. पोटाचं दुखणं जुनं. एकदा फार कळवळत होते म्हणून मी त्यांना आमच्या पद्धतीची पेज करून दिली, भात मऊ शिजवून, मीठ घालून. वाडगा दोन्ही हातांत धरून ते म्हणाले की त्यांची आई असंच करायची. त्या दिवसापासून सकाळची पेज माझ्याकडे आली आणि मी स्वतःला त्यांचा माणूस समजायला लागलो.

मी इंग्रजी शिकलेला, अक्षर चांगलं, म्हणून त्यांच्या कचेरीत कारकून. जाणाऱ्या पत्रांची वही माझ्याकडे असे. तारीख, कोणाला, विषय, उत्तर, असे चार रकाने. गावांना गेलेल्या पत्रांची उत्तरं झटपट येत. अमुक गावाने इतके भोपळे आणावेत असा हुकूम गेला की तिसऱ्या दिवशी बंगल्याच्या पायऱ्यांवर भोपळे. आरमाराच्या कचेरीला गेलेल्या पत्रांपुढचा उत्तराचा रकाना मात्र कोरा. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोरा. आमच्याच गावचे अकरा जण विमानतळाच्या कामावर धरून नेले होते, त्यांना सोडावं म्हणून मी मसुदा केला होता, साहेबांनी त्याचं जपानी केलं, शिक्का मारला. तेही पत्र असंच गेलं आणि गडप झालं.

हे सगळं मी माझ्या हाताने लिहीत होतो, म्हणजे मला ठाऊक होतं. हे इथेच सांगून टाकतो.

येसूचं, म्हणजे यशवंताचं, प्रकरण असं. इंग्रजांच्या वेळी तो बिनतारी तारघरात तारा ओढण्याचं काम करायचा. जपान्यांची दोन जहाजं बुडाली तेव्हा त्यांच्या डोक्यात शिरलं की बेटावरून कोणीतरी खबर देतंय. तारघरातले जुने तिघे उचलले. एकाचं प्रेत चार दिवसांनी घरी आलं, दोघांचं काही कळलंच नाही. शिपाई येसूला न्यायला आले तेव्हा तो परसात अंघोळ करत होता. ओल्या अंगाने डोंगर चढून रानात गेला तो गेलाच. कुठे आहे ते एकट्या बाबांना माहीत होतं. बाबा पासष्टीचे. एक दिवसाआड लाकडं आणायला म्हणून रानात जात आणि धोतराच्या सोग्यात शिजवलेला कंद बांधून नेत. लाकडं आणायला इतक्या वेळा कोण जातो? गावात चहाड्या करून दोन शेर तांदूळ मिळवणारे काही कमी नव्हते. आज ना उद्या कोणीतरी बाबांच्या मागे जाणार आणि दोघेही सापडणार, हे मला दिसत होतं. त्यात येसूला तापाने धरलं होतं.

म्हणून एका सकाळी पेजेचा वाडगा ठेवताना मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, तो कुठे आहे. मी म्हणालो, मला माहीत नाही, आणि ते खरंच होतं. त्यांनी मान हलवली. चार दिवस काही बोलले नाहीत. पाचव्या दिवशी तो कागद.

बाबांना पटवायला जड जाईल असं मला वाटलं होतं. पण कागद उलगडला आणि ते पायरीवरून उठूनच उभे राहिले. ते मालवणाकडले. बांधाच्या भांडणात कोयता चालवून जन्मठेपेवर आले, बारा वर्षं दगड फोडले, आणि मग चीफ कमिशनरच्या एका कागदाने सुटून इथेच शेती करून राहिले. आमच्या बेटाचं सगळं असंच. माणूस कागदावर आला, कागदावर लग्न लागलं, कागदावर सुटला. आमच्या लोकांना देवापेक्षा शिक्का जवळचा.

"साहेबान स्वतः मारल्यान?" बाबांनी विचारलं.

"माझ्या समोर. शाई मीच टिपली."

त्यांनी त्या तांबड्या चौकोनावर बोट टेकवलं नाही, नुसतं वरून फिरवलं. मग म्हणाले, "फाल्या पाटे जावया. तू पण चल. तुझा त्यो ऐकतलो."

साहेबांनी दोन दिवसांची रजा दिलीच होती; दुसऱ्याच दिवशी, बुधवारी पहाटे निघालो. जळवा, वेलींची जाळी, दोन ओढे. येसू एका मोठ्या झाडाच्या उघड्या मुळांत पाल्याचा आडोसा करून पडला होता. दाढी वाढलेली, डोळे तापाने लाल. मला बघून उठायला गेला आणि परत बसला. बाबांनी त्याच्या तोंडात कंदाचे घास दिले, तो लहान मुलासारखा खात होता, आणि मी त्याला कागद वाचून दाखवत होतो.

आम्ही भाऊ एकमेकांशी बाजारातलं हिंदुस्थानी बोलायचो, इथे मराठीत लिहितो. येसू म्हणाला, "दादा, हा मुळेवाला गव्हर्नर ना? याचा कागद नेवीवाले मानतील?"

त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे वहीतला तो कोरा रकाना आला. अगदी स्पष्ट आला, एकेका ओळीसकट.

"बेटाचा गव्हर्नर आहे तो," मी म्हणालो. "त्याच्या वर इथे कोण आहे?"

"माका असल्याच कागदान सोडयल्यान," बाबा म्हणाले. "नायतर तुम्ही जन्माक खंयसून इला असतास?"

येसूने बाबांकडे पाहिलं नाही. माझ्याकडेच पाहत राहिला. मी कागदाची घडी घालत बसलो. खोटं बोललो असं म्हणता येणार नाही, पण खरंही बोललो नाही. मला तो खाली यायला हवा होता, खुर्चीत बसून पेज पिताना दिसायला हवा होता, आणि त्यासाठी तो शिक्का खरा असणं भाग होतं.

"तू त्या हापिसात बसतोस," तो शेवटी म्हणाला. "तू म्हणतोस तर येतो."

त्या दिवशी त्याच्यात चालायचं बळ नव्हतं. दिवसभर तिथेच थांबलो, आणि गुरुवारी उजाडल्यावर उतरायला लागलो. बाबांनी त्याचा दंड धरला होता. ऊन लागल्यावर त्याला जरा हुशारी आली आणि तो माझी थट्टा करायला लागला. म्हणाला, राऊळांचं घराणं फार वर चढलं, एक पोरगा साहेबाच्या शाईत आणि दुसरा साहेबाच्या मुळ्यांत. बाबा हसले. मला त्यांचं हसणं कितीतरी महिन्यांनी ऐकू आलं. डोंगराच्या पायथ्याशी त्यांनी येसूचा दंड सोडला आणि त्याचा हात माझ्या हातात दिला. ते घरी जाऊन भात टाकणार होते, आम्ही कागदाचं उरकून संध्याकाळी घरी यायचं.

बंगल्यावर पोचलो तेव्हा बाराला थोडा अवकाश होता. साहेब व्हरांड्यात वाट पाहत होते. त्यांनी येसूला खुर्ची दिली. आमच्या जन्मात आम्हाला कोणी साहेबाने खुर्ची दिली नव्हती. येसू कडेला टेकून बसला, फाटक्या कपड्यांची माती खुर्चीला लागू नये म्हणून. साहेबांनी त्याचा ताप विचारला आणि मला चहा आणायला पाठवलं. स्वयंपाकघरात फळीवर पाच उष्टे पेले होते. कोणी पाहुणे येऊन गेले असतील असं मला वाटलं. मी ते बाजूला सारले आणि चहा ओतला.

परत आलो तर मुळ्यांच्या वाफ्यांकडून आरमाराचा एक अधिकारी येत होता आणि त्याच्या मागे चार शिपाई.

येसू उठला. पळाला नाही. त्याने शर्टाच्या आत जपून ठेवलेला कागद काढला आणि दोन्ही हातांनी पुढे धरला. अधिकाऱ्याने तो घेतला, उलगडला, वरपासून खालपर्यंत वाचला. मग त्या शिक्क्यापुढे तो रीतसर वाकला. माझ्या जिवात जीव आला. अधिकाऱ्याने कागदाची होती तशीच घडी घातली, तो दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला, आणि शिपायांना खूण केली.

"दादा," येसू म्हणाला. एवढंच म्हणाला. त्यात शिवी नव्हती, आरडाओरडा नव्हता. नुसती विचारणा होती.

मी साहेबांकडे पाहिलं. ते कठड्याला हात लावून उभे होते आणि त्यांची नजर वाफ्यांवर होती. शिपाई येसूला नेताना वाफ्यांच्या कडेने गेले, एकही मुळा तुडवला नाही. माझ्या एका हातात चहा होता आणि दुसऱ्यात कागद.

घरी मी बाबांना सांगितलं की आरमारवाल्यांनी दगा केला. ते चुलीपुढे बसले होते. भाताचं मडकं उतरवून त्यांनी बाजूला ठेवलं आणि एकच विचारलं, साहेब काय म्हणाला. मी म्हणालो, उद्या विचारतो.

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो. न जाऊन काय करणार होतो? गैरहजर राहणाऱ्याचं नाव संध्याकाळपर्यंत आरमाराकडे जाई. आणि खरं सांगायचं तर मला अजून आशा होती. साहेब रागावले असतील, त्यांच्या शिक्क्याचा अपमान झाला, ते वर दाद मागतील, असं मी रस्ताभर स्वतःला सांगत होतो.

साहेब टेबलाशी बसले होते. समोर एक नवा हुकूम तयार होता आणि त्याच्या शेजारी आरमाराच्या कचेरीचा एक कागद. तसला कागद त्या टेबलावर मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"मिस्टर राऊळ," ते म्हणाले, "आरमाराला आपण किती पत्रं पाठवली?"

"एकसष्ट."

"किती उत्तरं आली?"

"एकही नाही."

"आज आलं." त्यांनी तो कागद माझ्याकडे वळवला, जणू मला जपानी वाचता येत होतं. "बासष्टावं पत्र मी स्वतः लिहिलं आणि स्वतः नेऊन दिलं. त्यामुळे ते तुमच्या वहीत नाही. आता नोंदवून घ्या."

मी वही उघडली. सवयीने दौतीत टाक बुडवला, सवयीने विचारलं, "विषय?"

त्यांनी टेबलावरचा शिक्का सरळ केला. "विमानतळावरची अकरा माणसं परत मिळावीत. त्या बदल्यात एक देण्यात येईल."

टाक कागदावर टेकलेला होता. तिथे शाईचा डाग पसरत गेला.

"मी चार दिवस विचार केला," ते म्हणाले. आवाज चढला नाही, उतरला नाही. "या खुर्चीत बसून मी भोपळे मागवतो. माझ्या माणसांना तिकडे दगडाखाली मारतात आणि मी भोपळे मागवतो. तुमचा मसुदा चांगला होता, मिस्टर राऊळ. अकरा नावं, अकरा घरं. मला एकदा तरी गव्हर्नर व्हायचं होतं."

"मला विचारायचं होतंत," मी म्हणालो. त्यांच्यापुढे मी इतकं कधी बोललो नव्हतो.

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"तो कागद दिलात. शिक्का मारलात."

"त्याशिवाय तो आला नसता." आणि मग, अगदी हळू, "तुम्ही वही लिहिता. मला वाटलं होतं, तुम्ही कागद नाकाराल. तुम्ही नाकारला असतात तर मीही दुसरं काही केलं नसतं."

हे तो माणूस आपल्या मनाच्या समाधानासाठी बोलला की मला डागण्यासाठी, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. त्या वेळी मला एवढंच वाटलं की त्याला रोज सकाळी मऊ भात शिजवून देणारे माझे हात तोडून टाकावेत. पण त्याने नवा हुकूम पुढे ओढला, श्वास रोखला, अकरा जणांच्या सुटकेवर शिक्का मारला, आणि मी पातळ कागद ठेवून शाई टिपली. मग वहीत उत्तराच्या रकान्यात, त्या वहीत पहिल्यांदाच, लिहिलं: आले.

येसूचं पुढे काय झालं ते कोणी सांगितलं नाही. प्रेतही आलं नाही.

दुपारी गावात परतलो तर ढोल वाजत होता. अकरा जण ट्रकमधून उतरले होते. कोणाच्या बोटांची नखं गेलेली, कोणी दुसऱ्याच्या खांद्यावर. बायका रडत होत्या, हसत होत्या, गव्हर्नरला दुवा देत होत्या. मी त्याच्या कचेरीतला, मसुदा माझा, म्हणून एकेक जण येऊन माझा हात धरत होता. सुटून आलेल्या हरनामसिंगाच्या म्हाताऱ्या आईने माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं. ती अकरा माणसं जिवंत होती आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. त्यांचा काहीच दोष नव्हता, आणि तरी प्रत्येकाकडे बघताना माझ्या मनात एकच येत होतं, की याच्या जागी येसू.

कोणाला सांगणार होतो? सांगितलं असतं तर त्यांच्या तोंडातला घास कडू झाला असता, एवढंच.

त्या अकरांतला रहमतअली सुतार आमच्या पडवीत आला. बाबा खांबाला टेकून बसले होते. येसूला धरल्याचं त्याला कळलं होतं. तो बाबांच्या पायाशी बसला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "चाचा, हम तो हैरान हैं। वहाँ सब जानते थे, इस गव्हर्नर के कागज से नेवीवाले चूल्हा जलाते हैं। कभी एक नहीं माना। हमारा कैसे मान लिया, अल्ला जाने।"

तो उठून गेला. पलीकडे ढोल चालूच होता.

"नेवीवाले त्येचो कागद मानीत नाय," बाबा म्हणाले. "ह्यां तुका म्हायत होतां?"

ते माझ्याकडे पाहत होते. मला वाटतं त्यांना हो ऐकायचं होतं. हो म्हटलं असतं तर त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं, कदाचित तोच जुना कोयता घेऊन अंगावर आले असते, आणि मग रडले असते.

"नाही, बाबा," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. "मगे तुझो दोष नाय. तू पोरगो, तुका काय कळता. दोष माझोच. शिक्को बघून भुललंय मी. झिलाक हातान धरून खाली हाडलंय."

त्यानंतर बाबा सहा वर्षं जगले. जपानी गेले, इंग्रज परत आले, तेही गेले. घरी कोणीही आलं, अगदी अनोळखी माणूस आला, तरी बाबा त्याला हे सांगायचे, की मी माझ्या मुलाला हाताला धरून खाली आणलं. मी शेजारीच बसलेला असे, आणि एकदाही मी त्यांना थांबवलं नाही.